राहिलेला देवदेव

ज्ञानूआबा हसले आणि घरात भांडण लागलं.

तसं त्या हसण्यात भांडण्याजोगं काही नव्हतं. पोटातला कॅन्सर पसरलेला, पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलेलं, पेजेचे चार घोट गेले तरी घरात सण. अशा माणसाच्या तोंडावर हसू फुटलं तर चारचौघांच्या घरात देवापुढं साखर ठेवतील. पण ज्ञानूआबांच्या घरात सरळ गोष्ट सरळ घ्यायची पद्धतच नव्हती. ती ना त्यांच्या बापाच्या वेळी होती, ना त्यांच्या पोरांनी नव्यानं आणली.

आबा हसले ते डोळ्यांवर डबडं बांधून. डबडं भोरच्या सुलूताईचं. दुखणं बरं होणार नाही अशा माणसांकडं घरी येऊन लक्ष देणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची. दर गुरुवारी गुंजवण्याला यायची, दुखण्याच्या गोळ्या बघायची, पाठीला जखम झालीय का ते तपासायची, आणि मग आबांशी गप्पा मारत बसायची. मागं एकदा तिनं पिशवीतून ते काळं डबडं काढलं. डोळ्यांवर चढवलं की आत समुद्र. मान वळवाल तिकडं समुद्र. दुखण्यावरचं ध्यान उडतं, जीव हलका होतो, असं तिचं म्हणणं. आबांनी उभ्या जन्मात पाणी पाहिलं ते धरणाचं, आणि त्या पाण्यानं त्यांची भातखाचरं गिळलेली. हे पाणी कुणाचं काही गिळत नव्हतं. आबा पाहत राहिले आणि हसले.

दारातून आबांची बायको ठकुबाई बघत होती.

"कुनाकडं बगून हसत्यात ह्ये?" तिनं सुलूताईला विचारलं.

"कोणाकडे नाही, आजी. तिथं माणूसच नाही. नुसता किनारा आहे."

"मानूस न्हाई, तर हसत्यात कशाला?"

ह्याला सुलूताईकडं उत्तर नव्हतं. ठकुबाईकडं होतं, पण ते तिनं पन्नासेक वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि आणखी एक गुरुवार ठेवायला तिला काही जड नव्हतं.

उत्तराचं नाव साळूबाई. भाटघरची. ज्ञानूचं लग्न आधी तिच्याशी ठरत होतं. गोरी, नाजूक, पाण्याचा तांब्या उचलला तरी मनगट दुखेल अशी. मग कुठंतरी फिसकटलं आणि भोंगवलीची ठकू सून म्हणून आली. ठकू म्हणजे हाडापेरानं दणकट, डोक्यावर दोन हंडे घेऊन बोलत बोलत चढ चढणारी. लग्न झालं, हळद उतरली, आणि देवदेव राहिला तो राहिलाच. लग्नानंतर जोडीनं जेजुरीला जायचं, नवऱ्यानं बायकोला उचलून गडाच्या पहिल्या पाच पायऱ्या चढायच्या, एवढं सगळ्या मुलखात होतं. ज्ञानूनं तिला नेलं नाही. आधी लावणी होती, मग काढणी होती, मग धरण होतं. बाकीच्या बाया बोलवायच्या, "चल की आमच्यासंगं." ठकुबाई म्हणायची, "जाईन तर जोडीनं." धाकट्या गोरखच्या लग्नात साऱ्या घरानं जेजुरी केली, तेव्हा ती म्हशींपाशी थांबली. त्या दिवशी गोठ्यात बसून ती रडली, हे म्हशींशिवाय कुणाला ठाऊक नाही.

दोन अधिक दोन तिनं केव्हाच करून ठेवले होते. नवऱ्याच्या मनात ती नव्हती. मनात होती ती दुसरीच, आणि आता डबड्यातल्या समुद्रावर कोण भेटत असेल हे काय सांगायला पाहिजे? आबा जायच्या आत त्यांच्या तोंडून एकदा खरं ऐकायचं, एवढीच तिची इच्छा उरली होती. विचारायचा मात्र धीर नव्हता.

*

धनाजीचं दोन अधिक दोन वेगळं होतं.

थोरला मुलगा म्हणून त्यानं देवऋषी कोंडिबाला बोलावून आणलं. कोंडिबानं आबांची नाडी धरली, डोळे मिटले, आणि चहा येईपर्यंत मिटूनच ठेवले.

"जीव अडकलाय," तो म्हणाला. "आतनं सुटंना, म्हनून कळा चालल्यात. देवदेव राहिलाय ह्या घरात."

"व्हय, राहिलाय," धनाजी म्हणाला. "धरणात रानं गेली तवापास्नं आबांनी खंडोबाशी अबोला धरलाय."

ही गोष्ट धनाजीची फार लाडकी होती. धरणग्रस्तांच्या प्रत्येक मोर्चात, प्रत्येक सभेत तो ती सांगायचा. 'माझ्या बापानं देवाशी अबोला धरला, पण सरकारपुढं मान तुकवली न्हाई,' इथं टाळ्या पडायच्या. धरणाच्या आधी पाच-दहा वर्षं का गेले नाहीत, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि धनाजीनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"पोरीचं लगीन जमंना, त्येबी त्यामुळंच," कोंडिबानं जाता जाता जोडून दिलं.

पोरगी म्हणजे धनाजीची प्रेरणा. भोरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिचं लग्न जमत नव्हतं कारण आलेल्या प्रत्येक पोराला ती स्वतःच नकार कळवत होती, बापाच्या मोबाईलवरून, बापाच्या नावानं. खंडोबावर हा आळ आला तेव्हा तिला थोडं वाईट वाटलं. पण खंडोबा सोसेल, आपल्याला सोसणार नाही, असा विचार करून ती गप्प बसली.

गोरख शिरवळच्या कारखान्यात होता. आबांना पुण्यातच ठेवायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं, आणि दिवाळीपासून दोघे भाऊ त्यावरून बोलत नव्हते. एकाच सतरंजीवर बसून ते प्रेरणामार्फत बोलायचे.

"प्रेरणे, इचार तुज्या काकाला, जेजुरीला गाडी करायची का?"

"प्रेरणा, सांग तुझ्या बापाला, आबांना कूस बदलवत नाही. गाडीत घालून मारायचंय का?"

"मंग सांग त्याला, दुसरा उपाय असंल तर काढ म्हनावं. नुसती अक्कल नको."

"उपाय हाय की," गोरख म्हणाला, आणि चुकून सरळ भावाकडं बघूनच म्हणाला. "त्या डबड्यात समुद्र दिसतो, तर जेजुरी दिसणार न्हाई?"

धनाजीनं तयार ठेवलेलं भांडण त्याच्या तोंडातच राहिलं. कोंडिबाला फोन लावला. कोंडिबानं मनाशी हिशेब घातला. देवाला टीव्हीवर बघितलेलं चालतं, घरबसल्या आरतीलाही हरकत नाही, तर ह्याला का नसावी? त्यानं परवानगी दिली, पण अट घातली: दोघं जोडीनं, एकाच वक्ताला. आधी नवरा, मग बायको, असं चालणार नाही.

"म्हंजे दोन डबडी लागणार," धनाजी म्हणाला.

"आमच्या साहेबाच्या पोराकडं हाय एक. गेम खेळतो त्यावर. आणतो मी," गोरख म्हणाला.

आणि इतक्या महिन्यांनी दोघे भाऊ एका ताटात जेवायला बसले. घरातल्या बायांना वाटलं, चला, डबड्याचा हा गुण तरी आला.

*

गुरुवारी सुलूताई आली तेव्हा बेत पक्का झाला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"जेजुरीचं चित्रण मिळेल मला," ती म्हणाली. "पण आबांना विचारलंत का?"

"त्यांना काय इचारायचं?" धनाजी म्हणाला. "त्यांच्यासाठीच चाललंय की समदं."

सुलूताईनं मग स्वतःच विचारलं. खाटेशेजारी बसून, त्यांच्या कपाळावर हात ठेवून. "आबा, हे तुमच्यासाठी आहे. नको असेल तर नको म्हणा. मी सांगेन त्यांना."

आबांनी डोळे उघडले. दाराशी ठकुबाई तांदूळ निवडत होती. आबांनी तिच्याकडं बघितलं आणि पटकन नजर काढली, चोरी करताना सापडल्यासारखी.

"पोरांच्या मनासारखं होऊ द्या," ते म्हणाले. "तिलाबी नेताय न्हवं?"

"हो. दोघांना."

"तिला सांगू नगा म्या इचारलं म्हनून."

सुलूताईनं सांगितलं नाही. तिच्या कामात न सांगणं बरंच करावं लागायचं. ह्या घरात आबांना अजून अल्सर होता, कारण पोरांनी तसं ठरवलं होतं. कॅन्सर आहे हे आबांना पोरांच्या आधीपासून ठाऊक होतं. पोरांना वाईट वाटेल म्हणून तेही अल्सरच म्हणायचे.

*

रविवार धरला, देवाचा वार. भावकी जमली. नुसतं बघायला येतो म्हणालेल्या बाया नव्या साड्या नेसून आल्या. कुणीतरी चपला बाहेर काढायला सांगितल्या, तर गोरख म्हणाला, "आपण घरात हाय." त्यावर एक म्हातारा म्हणाला, "पर गड हितनंच चढायचाय न्हवं?" आणि चपला बाहेर गेल्या.

कोंडिबा भंडाऱ्याची पिशवी घेऊन आला होता. सुलूताईनं ती पिशवी बघितली आणि ती उभीच राहिली.

"हळद उधळायची नाही. आबांना खोकला आला तर टाके दुखल्यासारखं पोट दुखेल. आणि यंत्राच्या काचेत गेली तर यंत्र बाद."

"भंडाऱ्याबिगर जेजुरी?" कोंडिबाचा आवाज चढला. "ताई, तुमी शिकल्या-सवरल्या, पर ह्यातलं तुमाला काय कळतंय?"

"ह्यातलं नाही कळत. खोकल्यातलं कळतं."

तडजोड प्रेरणानं काढली. नव्या ट्रॅक्टरला लावतात तसं दोन्ही डबड्यांना बाहेरून भंडाऱ्याचं एकेक बोट लावायचं, बस्स. कोंडिबानं बोटं ओढली. सुलूताईनं आतली बाजू स्पिरिटनं पुसून घेतली. कोंडिबानं वास घेतला आणि खूश झाला. "सोवळं झालं," म्हणाला.

ठकुबाईनं नवी नऊवारी नेसली होती. आबांच्या खाटेला खेटून तिची खुर्ची मांडली. डबडं बांधायला पदर खाली घ्यावा लागणार म्हटल्यावर ती हटून बसली. देवापुढं बोडक्या डोक्यानं? मग डबडं आधी आणि त्यावरून पदर, असं झालं. पदराखालून काळा डबा पुढं आलेली आज्जी बघून प्रेरणाला हसूही आवरेना आणि रडूही. तिनं आज्जीचा हात धरला. आज्जीनं तो घट्ट आवळला.

"भ्यालीस व्हय, आज्जे?"

"भ्यायला काय झालं? नवऱ्यासंगं चाललेय."

"आता कुनी बोलायचं न्हाई," कोंडिबानं हुकूम सोडला. "दोघं देवाच्या वाटंवर हायत. घरातला आवाज त्यांच्या कानावर येता कामा नये."

धनाजीनं "एक, दोन, तीन" म्हटलं. सुलूताईनं आबांचं यंत्र चालू केलं, गोरखनं आईचं. एवढ्या मोठ्या भावकीनं खरोखर तोंड मिटलं. ही गुंजवण्यातली त्या सालातली सगळ्यात मोठी घटना म्हणायला हरकत नाही.

*

ठकुबाईला आधी उजेड दिसला, मग गर्दी. ढोल, येळकोट, पिवळीधमक पायरी. तिनं मान खाली घातली आणि दचकली.

"माजं पाय कुठं हायत?"

तिनं मान आबांच्या बाजूला वळवली.

"अवं, तुमी कुठं हाय? दिसना झालाय."

"हितंच हाय," आबांचा आवाज शेजारून आला. बारीक, पण स्पष्ट. "मलाबी तू दिसना. पर आवाज येतोय. पायऱ्या दिसत्यात का?"

"दिसत्यात. म्होरं एक नवरा-नवरी हाय. त्यानं तिला उचललीया."

आणि तिथंच तिचं चित्र थांबलं. गोरखचं यंत्र मोबाईलच्या रेंजवर चालत होतं, आणि गुंजवण्यात रेंज देवापेक्षा लहरी. ढोल थांबला. पोरगा नवरीला उचलून पहिल्या पायरीवर उभा. खाली ठेवीना, वर नेईना. गोरख मोबाईल उंच धरून खिडकीशी गेला, मग दाराशी, मग खुर्चीवर चढला. उपयोग शून्य.

आबांचं मात्र झकास चाललं होतं. सुलूताईच्या यंत्राला रेंज लागत नव्हती. पायऱ्या सरत होत्या, दीपमाळा मागं जात होत्या.

"म्या वर आलो की," आबा म्हणाले. "दरवाजा आला. तू कुठवर आलीस?"

"म्या खालीच हाय."

"खाली? का?"

"काय ठावं. कुनी हलंना हितं."

सगळ्यांनी गोरखकडं बघितलं. दिवाळीपासूनचा सगळा राग धनाजीच्या डोळ्यांत परत आला. कोंडिबानं ओठांवर बोट ठेवून त्याला दाबलं.

"ताई," आबा म्हणाले. "मला खाली न्या."

धनाजीला राहवलं नाही. तो सुलूताईच्या कानाशी लागला. "दर्शन होऊ द्या की आधी! दारात आल्यात देवाच्या!"

सुलूताईनं ऐकलं नाही. तिनं हातातल्या मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवलं, आणि पन्नासेक वर्षांचा राहिलेला देवदेव देवाच्या दरवाज्यातून उलटा निघाला. कोंडिबानं कपाळाला हात लावला.

"आलो," आबा म्हणाले. "दिसला त्यो पोरगा. काडीवानी हाय, पाडंल तिला."

"पाडत न्हाई. कवाचा धरून उभा हाय."

आबांच्या घशातून एक आवाज आला. सुलूताई दचकून पुढं झाली, पण ते हसणं होतं.

"ठके, तुला येक सांगू? हितं आपुन दोगंच हाय म्हनून सांगतो."

खोलीत तीस माणसं होती. तिसांनी श्वास धरला.

"सांगा की."

"म्या भ्यालो हुतो. हळदीच्या दिशी पोरांनी पैज लावली. ज्ञान्या पैल्या पायरीला बसतोय म्हनाली, ठकी हाय का म्हैस. म्या तवा ह्या पोराहून बारीक. मळनीला खळ्यावर भाताचं पोतं उचलून बगायचो. कुनी नसताना. पोतं उचलायचं बी एखांद्या येळी. पर तू पोत्याहून जड."

"म्या पोत्याहून जड?"

"मंग? न्हाई व्हय?"

"हुते," ठकुबाई म्हणाली.

"म्हनलं, यंदा नगो. वरीसभर खाऊ-पिऊ, अंग धरू, फुडल्या साली जाऊ. फुडल्या साली तुज्या पोटात धनाजी. आनखी जड."

भावकीत कुणीतरी फुसकन हसलं आणि पदर तोंडात कोंबला. धनाजी खाली मान घालून उभा होता.

"मंग पोरं झाली. सांगायची लाज वाटाया लागली. बायकोला उचलायला भितो, ह्ये कुनाला सांगनार? मंग धरान आलं. बरं झालं बाबा, म्हनलं. लोकांना कारान घावलं, माजी सुटका झाली."

टाळ्या घेतलेल्या सगळ्या सभा धनाजीच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. प्रेरणानं बापाकडं बघायचं टाळलं. हसू आलं असतं म्हणून नव्हे. पहिल्यांदाच तिला त्याची दया आली म्हणून.

डबड्याखालून ठकुबाईच्या गालावर पाणी यायला लागलं. तिनं ते पुसलं नाही. पुसायला हात मोकळा नव्हता. चाचपडत चाचपडत तो आबांच्या हातापर्यंत गेला होता.

"येक इचारू?" ती म्हणाली. आवाज चोरीचा होता.

"इचार."

"आन साळू?"

"कोन साळू?"

"आसं काय करताय? भाटघरची. जिच्याशी तुमचं पैलं ठरत हुतं ती."

आबांनी खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. सगळी भावकी त्या आठ्यांकडं बघत राहिली.

"तिचं नाव साळू हुतं व्हय?" आबा म्हणाले.

ठकुबाईला हुंदका आला. मोठा, लाज सोडून आलेला. "आवो, म्या उभ्या जल्माच्या शिव्या घातल्या की वो तिला! सकाळच्या पारी चूल पेटवताना पैली शिवी तिला!"

"मला घालायच्या की मंग."

"तुमाला कशा घालनार? तुमी तर पोती उचलत हुता."

दोघं हसायला लागली. आबांचं हसणं म्हणजे नुसता वारा, पण पोट दुखलं नाही. सुलूताईनं त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

ह्या घरातल्या कुणालाही एखाद्या गोष्टीला शोभा येऊ द्यायची अक्कल नव्हती, तर ती कोंडिबाला कुठून असणार? डोळे घड्याळाकडं, लक्ष जेवणाकडं. त्यानं घसा साफ केला.

"आता वर चला," तो मोठ्यानं म्हणाला. "दर्शन राहिलंय."

आबांचं हसू थांबलं. डबड्यासकट त्यांनी मान इकडं तिकडं वळवली. चेहरा एकदम लहान पोरासारखा घाबरला.

"ठके, कोन हाय? कुनी ऐकत हाय का?"

ठकुबाईचं चित्र अजून थांबलेलंच होतं. पण डोळे झाकलेले असले तरी आपली भावकी तिला बरोबर ठाऊक होती. कुठं धनाजी, कुठं गोरख, कोणत्या कोपऱ्यात कोण पदर चावतंय, सगळं. आबांचा हात तिनं घट्ट धरला.

"कुनी न्हाई वो," ती म्हणाली. "आपुन दोगंच हाय."

आणि दुसरा हात मागं करून तिनं खोलीतल्या तिसांना दार दाखवलं.